संगतीची वर्गणी

लग्न होऊन मी मिरजगावात आले, तेव्हा मला एका गोष्टीचा फार तोरा होता. आमची गाडी पहिली असायची. माहेरी गेले की मी तेच सांगायचे, "जत्रेला एवढ्या गाड्या निघतात, पण सगळ्यांच्या पुढं आमची." आई कौतुकानं ते शेजारणीला सांगायची, शेजारीण आणखी चार घरी सांगायची. निघायच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम बैलांच्या शिंगांना लाल गोंडे बांधायचे. का, तर पुढची गाडी, तिला शोभलं पाहिजे.

आम्ही मणेर. काकणं विकायची आणि बायांच्या हातात भरायची, हा सासरचा बापजाद्यांपासूनचा धंदा. घरात आम्ही आपली मुसलमानी बोली बोलायचो, बाजारात मराठी, आणि भांडायची वेळ आली की मी दोन्हींत भांडायचे. आमचे मालक मात्र दोन्हींत गप्प. दोन शब्दांत काम उरकायचं आणि बैलांकडं वळायचं, असला तो माणूस. मी किती बोलले तरी ऐकून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, "झालं?"

होळी झाली की जत्रांचे दिवस लागायचे. गावातले बाजारकरू, म्हणजे आमच्यासारखे बाजार आणि जत्रा करून पोट भरणारे, आपापल्या गाड्या जुंपून एकत्र निघायचे. कापडवाला, नारळवाला, दोरखंडवाला, रेवडी-गुडीशेववाला, असे सगळे. जत्रा संपेपर्यंत गाडी हेच घर. वर माल, मालावर पाल, गाडीखाली अंथरूण आणि बाजूला तीन दगडांची चूल. गाड्यांच्या या मेळाला सगळे 'संगत' म्हणायचे.

संगतीत राहायचं तर वर्गणी पडायची. पैशाची नव्हे, कडब्याची. ज्वारीची सुगी झाली की प्रत्येक गाडीवाल्यानं आपल्या वाट्याच्या पेंढ्या आणून टाकायच्या. दोन गाड्या आधी पुढं जाऊन त्या वाटेवरच्या मुक्कामांवर उतरवून यायच्या. राहुरीला, कोल्हारला ओळखीच्या शेतकऱ्यांच्या खळ्यावर आमच्या बैलांचा चारा रचलेला असायचा. पाण्याची विहीर ठरलेली, सावलीची झाडं ठरलेली. वाटेत कुणाचा आख मोडला किंवा बैल बसला, तर बाकीच्यांनी जू खाली ठेवायचं आणि त्याचं मार्गी लागेपर्यंत हलायचं नाही. जत्रेत पोचल्यावर सगळ्यांनी लागून दुकानं मांडायची, म्हणजे एकाला उठायचं झालं तर शेजारी मालावर नजर ठेवतो. एवढं सगळं त्या कडब्यात यायचं.

संगतीचे कारभारी होते अण्णा. कापडाचा धंदा, पांढराशुभ्र फेटा, बोलणं कमी आणि वजनदार. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं, मीही म्हणायचे. ते मला भाभी म्हणायचे. त्यांची गाडी आमच्या लगेच मागं असायची आणि मला वाटायचं, पहिला मान आमचा, दुसरा कारभाऱ्याचा.

आमचं पावसाळ्याचं धान्य शिर्डीच्या रामनवमीवर भरायचं. तिथं बायांची ही गर्दी लोटायची की मला पाणी प्यायला उसंत मिळायची नाही. हिरवी काकणं, लाल काकणं, बिलोरी काकणं, हातामागून हात पुढं यायचे. ती एक जत्रा साधली की मग पाऊस कितीही लागो, घरात चूल पेटायची. ती चुकली तर दुसरं काही नव्हतं. काचेचा माल घेऊन एकटी गाडी तेवढ्या लांब नेणं हे येड्याचं काम. वाटेत बैलाला पेंढी कोण देणार आणि काही झालं तर थांबणार कोण? म्हणून संगत होती तर शिर्डी होती, आणि शिर्डी होती तर आम्ही होतो.

मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या साली या सगळ्याला नख लागायची वेळ आली. नगरच्या छावणीतल्या पलटणीच्या जुन्या लॉऱ्या विकायला निघाल्या आणि ज्याच्या त्याच्या तोंडी लॉरीचं नाव झालं. त्यातच त्या वर्षी ज्वारी आखूड राहिली. कडबा कसाबसा गुडघ्याएवढा. घरच्या बैलांना पुरेना, तिथं वर्गणी कुठून द्यायची, असं लोक बोलायला लागले.

वर्गणी ठरवायला संगत बाजारतळावर सकाळी बसली. मी लांब, आमच्या गाडीच्या चाकाला टेकून बसले होते, पण कान तिकडंच. नारळवाला उभा राहिला. तरणाबांड गडी, नवी खिलारी जोड घेतलेली, पायात काटा शिरल्यासारखा एका जागी ठरायचा नाही. तो म्हणाला, "कडबा द्यायचा, पन त्यात मिळतं काय? काकनांच्या मागं रांगत जायाचं. लॉरी एका दिसात शिर्डीला नेऊन टाकती. आपुन पोचतो तवर निम्मी गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या नारळाला लागलेली असत्यात."

मला राहवलं का? मी तिथूनच ओरडले, "आमच्या मागं यायला लाज वाटती व्हय? आमी पुढं असतो ते मानानं असतो!"

सगळे हसले. खो खो करून हसले. रेवडीवाल्याला तर ठसका लागला. आमचे मालक मान खाली घालून काडीनं माती उकरत होते. फक्त अण्णा हसले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "भाभी, पुढची गाडी मानाची नसती. जी गाडी समद्यात सावकास चालती ती पुढं घालायची, म्हंजी कुनी मागं पडत न्हाई. काकनं जपून न्यावी लागत्यात, म्हनून तुमची गाडी पुढं. तुमच्या सासऱ्यापासनं तसंच हाय."

माझं तोंड भाजलं. एवढी वर्षं गोंडे बांधून मिरवले, माहेरी टेंभा मिरवला, आणि सगळ्या संगतीला ठाऊक होतं की ही मणेरीण कशाचा मिरवते आहे. पण अण्णांचं अजून संपलं नव्हतं. ते पुढं म्हणाले, "पन पोराचं बी खोटं न्हाई. आपल्याला जो उशीर हुतो, तो काकनांच्या गाडीमुळंच हुतो. संगतीनं याचा इचार करायला पायजे."

विचार करायचा म्हणजे काय ते मला कळलं. आम्हाला काढायचं, नाहीतर संगतच मोडायची.

घरी आल्यावर मी मालकांना धरलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. मग म्हणाले, "तू गोंडे बांधत होतीस."

मी चूल पेटवली आणि भाकरी थापता थापता ठरवलं, संगत सोडायची नाही. कुणी काढलं तरी निघायचं नाही. आधी लॉरीचं बघून घेतलं, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की हिला दुसरी वाट होती. बाजारच्या दिवशी लॉरीवाला गावात आला होता. त्याला विचारलं तर तो काकणांचा हारा, म्हणजे आमची मोठी टोपली, बघूनच मागं सरकला. म्हणाला, "काचंचं आपल्या अंगावर न्हाई. रस्ता खडीचा हाय. फुटली तर तुमची फुटली." संपलं.

पुढच्या बैठकीला मी चाकाला टेकून बसले नाही. पदर डोक्यावर घट्ट ओढून सरळ पुढं जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "आमची गाडी पुढं नको. शेवटी घाला. तुमी तुमच्या चालीनं चाला. आमी मागं पडलो तर हाक मारनार न्हाई, थांबा म्हननार न्हाई. पन आमचा कडबा घ्या आन् आमाला संगतीत ठेवा."

"आन् काकनं फुटली तर?" नारळवाल्यानं विचारलं.

"काकनं माझी हायेत. तू तुझे नारळ बघ."

अण्णांनी लगेच हो म्हटलं नाही. फेटा काढून मांडीवर ठेवला, पुन्हा डोक्यावर चढवला. माझ्यावर उपकार करताना माणसाला इतका कसला विचार पडतो, असं मला झालं. शेवटी म्हणाले, "बरं. औंदा तसं करून बघू." आणि वर्गणी ठरली. आमच्या वाट्याच्या पेंढ्या मी स्वतः मोजून वर दोन-चार जास्तच टाकल्या, कुणाला बोलायला जागा नको म्हणून.

मग मी कामाला लागले. गव्हाचं काड आणून उन्हात वाळवलं, हाऱ्यांच्या तळाला दाबून भरलं. काकणांच्या माळा एकेक करून जुन्या लुगड्यांच्या फडक्यांत गुंडाळल्या. हारा भरून झाला की अंगणात तो हातभर उंचीवरून सोडून बघायचे आणि कान लावायचे. किणकिणलं की पुन्हा सगळं उपसायचं. शेजारणी बघायला यायच्या आणि हिला काय झालं म्हणून तोंडाला पदर लावायच्या. लावू देत. बाकी सगळी काकणं गाडीत बसली, पण बिलोरी काही ऐकेनात. पातळ काच ती, नुसत्या धक्क्यानं जायची. तेव्हा मी ठरवलं, हा एक हारा गाडीत ठेवायचाच नाही. मालक म्हणाले, "मग?" मी डोक्यावर चुंबळ ठेवून दाखवली. त्यांनी माझ्या वहाणेचा अंगठा शिवून आणला.

अशी मी त्या वर्षी मिरजगावाहून निघाले, डोक्यावर हारा, गाडीच्या मागं पायी. आणि पहिल्याच दिवशी मला समजलं की बाकीच्यांनी इतकी वर्षं काय सोसलं होतं. पुढच्या गाडीला धूळ लागत नाही. शेवटच्या गाडीला सगळ्यांची लागते. नगर येईपर्यंत माझ्या दातांत माती करकरत होती, पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. पण आम्ही मागं पडलो नाही. गाडी दोन हात मागं राहिली की मी मालकांना ओरडायचे, आणि मी मागं राहिले की ते हळूच मागं वळून बघायचे. मी हातानंच सांगायचे, चला. पाय सुजले, मान आखडली, मुक्कामाला हारा उतरवला की डोकं आपलंच वाटायचं नाही. तरी सकाळी चुंबळ तयार. माझ्या पायी संगतीला उशीर झाला, हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नव्हतं.

आमच्या लगेच पुढं अण्णांची गाडी होती. पहिल्या दिवशी ती मधे होती, दुसऱ्या दिवशी आमच्या पुढं येऊन ठेपली. मला वाटलं, कारभारी म्हणून आमच्यावर नजर ठेवायला मागं राहिलेत. कुठं आम्ही चुकतो ते बघायला. असा राग आला मला! त्यांच्या गाडीच्या पाठीकडं बघत मी कोस न् कोस चालले आणि मनात त्यांना नाही नाही ते बोलले.

राहुरी सोडली आणि रस्त्याला जत्रेची गर्दी लागली. टांगे, गाड्या, पायी निघालेली माणसं, मधूनच धुरळा उडवत जाणारी लॉरी. पुढं नारळवाल्याची खिलारी जोड होती. ती गर्दी बघून त्यानं बैलांना जे हाकललं, ते मागं वळूनच बघितलं नाही. त्याच्या मागं रेवडीवाला सुटला, त्याच्या मागं बाकीचे. आधी दोन गाड्यांत एका गाडीचं अंतर होतं, मग झाडाझाडाचं झालं, मग तर पुढच्या गाड्या दिसेनाशाच झाल्या. मंद गाडी पुढं असली की रांग धरून राहते. पुढं खिलारी असली की रांगेची दाणादाण. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

अण्णांची गाडीही मधेच एका वळणाला दिसेनाशी झाली. मी म्हटलं, गेले तेही.

कोल्हार थोडक्यावर राहिलं असेल. ऊन असं की पाय पोळून निघावेत. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली एक गाडी तिरकी उभी दिसली. अण्णांचीच. एक बैल जुवात उभा होता आणि दुसरा खाली बसला होता, मान लांब टाकून. अण्णा त्याच्याजवळ उकिडवे बसून त्याला फेट्यानं वारा घालत होते. त्यांचं उघडं डोकं मी पहिल्यांदा एवढ्या जवळून बघितलं. पार पांढरं.

मालकांनी गाडी थांबवली आणि ते बैलाजवळ गेले. बैलाच्या खांद्यावर नव्या मांजरपाटाची जाड घडी बांधलेली होती. त्यांनी ती सोडली. खाली खांदा आला होता, म्हणजे जुवानं सुजून, सोलवटून पार कच्चा झाला होता. जुनी जखम, तिच्यावर नवी.

मी हारा खाली ठेवला. "अण्णा, हे आजचं न्हाई."

"न्हाई."

"मग कवाचं हाय?"

"लई दिस झालं." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "बैल म्हातारा झालाय, भाभी. चाल धरवत न्हाई त्याला. वासराचा हुता तवापासनं माझ्याकडं हाय, बाजार दाखवावा असं मन हुईना. तुमची गाडी पुढं हुती तवर चालून जायाचं. कुनाला कळायचं न्हाई. तुमच्या काकनांच्या आड माझं समदं झाकून जात हुतं."

म्हणजे नजर ठेवायला नव्हे, चालवत नव्हतं म्हणून हा माणूस मागं आला होता. आणि सगळ्या संगतीपुढं उशीर कुणाच्या माथी मारला? मग मात्र मी गप्प बसले नाही. "मग त्या दिवशी काकनांमुळं उशीर हुतो म्हनालात ते? मला समद्यांत हसवलंत ते? मी ह्यो हारा डोक्यावर घेऊन कुठनं आले, दिसलं न्हाई तुमाला? बोला की!" असं बरंच काय काय बोलले. दोन्ही भाषांत बोलले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा बैलाच्या डोळ्यावरची माशी हाकलली, तेवढंच.

माझं संपल्यावर ते म्हणाले, "माझ्या बैलाकडं कुनाची नजर जाऊ नये म्हनून बोललो, भाभी. तुमी व्हा पुढं. हितं थांबलात तर तुमची रामनवमी बुडंल."

आणि ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी रामनवमी. मी काठाला येऊन पोचले होते. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणेन तसं करायचं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. खरं सांगते, सोडून जावं असंच मला वाटलं. बसू देत बाभळीखाली, कळू देत मागं पडणं काय असतं ते. मी हारा उचललासुद्धा.

पण मी कडबा दिला होता. गुडघ्याएवढा का असेना, बैलांच्या तोंडचा काढून दिला होता. कशासाठी? कुणाचा बैल बसला तर जू खाली ठेवायचं, यासाठीच ना? पुढं पळालेल्यांनी ते मोडलं असेल. त्यांनी मोडलं म्हणून मीही मोडलं, तर मग संगत उरली कुठं, आणि मी एवढी भांडले ती कशाकरता? आणि आमचा आख मोडला असता तर कुणी थांबावं असं मला वाटलं असतं? मला सुचलं ते एवढंच. मी हारा परत खाली ठेवला आणि मालकांना म्हणाले, "जू उतरवा. आन् अण्णांचे गठ्ठे उचला."

आम्ही आमचे हारे खाली काढले. गाडीच्या तळाला कापडाचे गठ्ठे रचले, त्यांवर हारे ठेवले, हाऱ्यांच्या मधे लुगड्यांच्या घड्या दाबल्या. बिलोरीचा हारा खणांच्या दोन गठ्ठ्यांमधे असा बसला की जणू त्याच्याच मापाची जागा. जवळच्या मळ्यात अण्णांची रिकामी गाडी ठेवली. त्यांचा धड बैल आमच्या बैलांबरोबर आळीपाळीनं जुंपायचा असं ठरलं, आणि म्हाताऱ्या बैलाला पाणी पाजून, उठवून, अण्णा स्वतः कासरा धरून चालायला लागले. निघालो. खडीचा एक मोठा खड्डा आला, चाक धाडकन आदळलं, मी डोळे मिटून कान लावले. किणकिण नाही. पुढच्या खड्ड्यालाही नाही. मालक हळूच हसले. मी नाही हसले, माझा राग अजून उतरला नव्हता.

कोल्हारच्या खळ्यावर पोचलो तर बाकीचे बैलांना चारून निघून गेले होते. पण आमच्या दोन गाड्यांच्या वाट्याच्या पेंढ्या त्यांनी बाजूला काढून ठेवल्या होत्या. शेतकरी म्हणाला, "संगतीचा हाय, त्येला कोन हात लावतंय?" बैल खात होते आणि मी प्रवरेच्या पाण्यात पाय सोडून बसले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

शिर्डीत पोचलो तेव्हा जत्रा भरून वाहत होती. दोरखंडवाल्यानं आपले दोर आडवे पसरून एका दुकानापुरती जागा धरून ठेवली होती. दोन दुकानांची जागा धरणं त्याला जमलं नव्हतं. त्या एकाच जागेत आम्ही दाटीवाटीनं बसलो, अर्ध्यात काकणं, अर्ध्यात कापड. बाया हात पुढं करायच्या, काकणं भरून झाली की अण्णांकडं वळून त्याच रंगाचा खण मागायच्या. सकाळचं गिऱ्हाईक गेलं ते गेलं, पण दुपारनंतर मी मान वर केली नाही. पावसाळा निघेल एवढं झालं. फुटलेली काकणं एका फडक्यात मावली.

संध्याकाळी बाकीचे भेटायला आले. नारळवाल्यानं विचारलं, "अण्णा, उशीर कसा झाला?" मी अण्णांकडं बघितलं. म्हटलं, आता बोलतील. अण्णा गठ्ठा बांधत म्हणाले, "बैलाच्या पायात दगुड गेल्ता." नारळवाला हसत माझ्याकडं वळला, "मला वाटलं काकनं!" माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. मालकांनी हळूच माझ्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. मी पाणी प्याले. पण मनात अढी बसली ती बसलीच, आणि गावात परतल्यावर मी अण्णांच्या दारावरून जाणंही टाळायला लागले.

वर्ष फिरलं. नारळवाला लॉरीत भागीदार झाला, त्याच्याबरोबर आणखी काहीजण गेले. त्या साली ज्वारी चांगली आली होती, तरी वर्गणीचा प्रश्न निघाला की लोक डोकं खाजवायचे. इतक्या थोड्या गाड्या राहिल्या, कडबा देऊन मिळणार काय? आमचे मालकसुद्धा म्हणाले, आणि लग्न झाल्यापासून ते एका दमात एवढं कधी बोलले नव्हते, "आता आपल्याला संगत कशाला? जुन्या गोधड्यांत काकणं दाबून भरली की कितीही पळवा, फुटत नाहीत. आपली गाडी आता कुणाच्याही बरोबरीनं चालते. मुक्कामाला चारा विकत मिळतो. हा कडबा आपल्या बैलांना घालू."

त्यांचं चुकत नव्हतं. परवडतं का म्हणाल, तर आम्हाला आता ते परवडत नव्हतं. पण आमची गाडी सावकाश होती तेव्हा सासऱ्यांपासून सगळ्या गाड्या आमच्या मागं सावकाश चालल्या, धूळ खात चालल्या. आणि आता आमची चालायला लागली म्हणून आम्ही निघून जायचं? हे काही मला जमेना. मी म्हणाले, "पेंढ्या भरा." त्यांनी विचारलं, "झालं?" मी म्हणाले, "झालं." त्यांनी भरल्या.

निघायच्या सकाळी उरलेल्या गाड्या बाजारतळावर लागल्या. पुढं कुणी घालायची ते बोलणं निघालं नव्हतं. मी सवयीनं आमची गाडी शेवटी लावून घेतली होती. तेवढ्यात मधली एक गाडी रांगेतून बाहेर निघाली आणि सगळ्यांच्या बाजूनं सावकाश पुढं आली. अण्णांची गाडी. जुवात तोच म्हातारा बैल. खांद्यावर घडी नव्हती, जखम भरून आलेली पांढरी कातडी सगळ्यांना दिसत होती. अण्णांनी गाडी सगळ्यांच्या पुढं नेऊन उभी केली.

तळावरचे सगळे तिकडंच बघायला लागले. पुढची गाडी म्हणजे काय, हे आता मला धरून सगळ्यांना ठाऊक होतं. दोरखंडवाल्यानं विचारलं, चेष्टेनं नव्हे, त्याला खरंच कळलं नव्हतं म्हणून, "अण्णा, तुमी पुढं? का वो?"

अण्णांनी तोंड उघडलं. काही बोलायचं म्हणून उघडलं होतं, पण शब्द निघेना. एवढा कारभारी माणूस, पण फेट्याखाली कान लालबुंद झाले. वर्षभर मी याच घटकेची वाट बघत होते. त्यांनी ते बोलावं आणि सगळ्यांनी ऐकावं. आणि ती घटका समोर आली तेव्हा मला ते बघवेना.

मी गाडीच्या साट्यावर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मीच सांगितलं त्यांना. माझ्या काकनांना अण्णांची चाल सोसती."

"तुझी काकनं आता पळत्यात म्हनं, भाभी," रेवडीवाला म्हणाला.

"कुनी सांगितलं? औंदा माल नाजूक हाय."

अण्णांनी मागं वळून बघितलं नाही. कासरा सैल केला, बैलांना हाक दिली आणि त्यांची गाडी हलली. आमच्या मालकांनी गाडी शेवटून काढून त्यांच्या मागं लावली आणि बैलांना आवरून धरलं.